लहान बी, मोठा बी

अंबाजोगाईच्या आमच्या गल्लीत दोन घरांची एक भिंत सामाईक आहे. भिंतीच्या अलीकडे मी राहते. पलीकडे एक मोटार मेकॅनिक, त्यांची पत्नी आणि मुलगी. मी त्यांना भाई म्हणते, पत्नीला भाभी. ते मला ताई म्हणतात. माझी बरीच वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली असल्यामुळे लिहिण्या-वाचण्याचे काहीही निघाले की ते माझ्याकडे येते: विम्याचा फॉर्म, आरटीओची नोटीस, पुतण्याच्या लग्नपत्रिकेचा मजकूर.

भिंतीच्या दोन बाजूंना इंटरनेटही दोन आहेत. माझ्याकडे एका मोठ्या कंपनीचे, शंभरचे. त्यांच्याकडे गावातल्या केबलवाल्याचे, चाळीसचे. शंभर काय आणि चाळीस काय, हे कोणी विचारत नाही. शंभर एमबी, चाळीस एमबी, असे म्हणायचे आणि पुढे जायचे. "तुमचं पळतंय का?" "पळतंय." गल्लीतली चौकशी एवढ्यावर संपते.

ती लांबली मुलीच्या नोकरीमुळे. बोलकी पुस्तके तयार करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीने तिला काम देऊ केले होते. वाचणाऱ्याचे खोकणे, श्वास, पानाची सळसळ काढून ध्वनिमुद्रण स्वच्छ करायचे. काम घरून करता येणार होते, पण अट होती. ठरलेल्या दिवशी कंपनीची दोन हजार एमबीची फाईल, स्वतःच्या घरातल्या कनेक्शनवर, कामाच्या खोलीत, दहा मिनिटांत उतरली पाहिजे. नाही उतरली, तर पंधरा दिवसांत पुण्याच्या कार्यालयात हजर व्हायचे. मुलीने पुण्यात दोन वर्षे काढलेली होती, एका खोलीत चौघी आणि एक खिडकी. तिला पुन्हा जायचे नव्हते. माडीवरच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून तिने चारही भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. खोली तयार होती. फाईल तेवढी उतरायची होती.

सरावासाठी कंपनीने तशीच एक फाईल दिली होती. तिला बावीस मिनिटे लागली.

त्या संध्याकाळी भाई माझ्याकडे आले. "ताई, कावून असं व्हायलंय? चाळीसचं हाय म्हणतो त्यो. दोन हजार भागिले चाळीस, पन्नास. पन्नास सेकंदात फाईल यायला पायजे. पोरगी बावीस मिनिटं बसली."

हिशोब बरोबर होता. मीही तो कागदावर करून पाहिला आणि बरोबर असल्याचे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. वेग मोजणाऱ्या संकेतस्थळाने माझ्या घरचा आकडा चौऱ्याण्णव दाखवला. म्हणजे फाईल एकवीस सेकंदांत यायला हवी होती. तीन मिनिटे दोन सेकंद लागले. फाईल उतरत असताना कोपऱ्यात जो आकडा दिसत होता, तो होता अकरा.

"शंभर म्हणायचं अन् अकरा द्यायचं," भाई म्हणाले. "गाडीची कंपनी बी म्हणती पंचवीसचं अॅव्हरेज, देती अठरा. त्यात बी लाज हाय थोडी. हे लई झालं."

आकडे जमल्याशिवाय कोणावर आरोप करायचा नाही, ही डेस्कवरची सवय. मी एक वही केली. रकाने चार: तारीख, वेळ, मोजलेला वेग, फाईल उतरतानाचा वेग. माझ्या घरची मोजणी माझ्याकडे. पलीकडे कामाची वाटणी करून दिली. वेग भाईंनी मोजायचा, कारण वायफायचे यंत्र खालच्या खोलीत होते आणि ते हाताळण्याचा अधिकार त्यांचा होता. फाईल मुलीने माडीवर उतरवायची.

यंत्राविषयी एक सांगायला हवे. ते उघड्यावर नव्हते. गल्लीतली धूळ आणि दुपारी येणारी माकडे यांचा विचार करून भाईंनी त्याच्यासाठी गॅरेजात खास पेटी बनवली होती. तेलाच्या ड्रमचा जाड पत्रा, वेल्डिंग केलेले कोपरे, दोन बिजागऱ्या, एक कडी, वर ट्रकला लावतात तो हिरवा रंग. वायर आत जाण्यापुरते मागे एक भोक. पेटी सुबक होती. मी तिचे कौतुकही केले होते.

आठ दिवस मोजणी चालली. भाई गॅरेजला जाण्याआधी पेटी उघडत, आतले दिवे लागले आहेत ना ते पाहत, फोन यंत्राजवळ धरून वेग मोजत, पेटीला कडी लावत आणि भिंतीपलीकडून आकडा ओरडून सांगत. "ताई, अडतीस!" थोड्या वेळाने वरून मुलीचा आवाज येई, "काकू, दीड!" मी दोन्ही लिहून घेई. माझ्या घरचे आकडे होते चौऱ्याण्णव आणि अकरा. आठ दिवसांत त्यांत विशेष फरक पडला नाही.

नवव्या दिवशी मी पत्र लिहिले. विशेषणे टाळली. दोन्ही घरांचे आकडे तक्त्यात मांडले आणि शेवटी निष्कर्ष दिला, की एका घरी कबूल केलेल्या मालाचा जेमतेम आठवा हिस्सा मिळतो आणि दुसऱ्या घरी तेवढाही मिळत नाही. एक प्रत माझ्या कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवली. दुसरी भाई स्वतः केबलवाल्याकडे देऊन आले. देताना बरोबर काय बोलले, ते त्यांनी सांगितले नाही.

केबलवाला शनिवारी सकाळी आला. मुलीची फाईल उतरवण्याची परीक्षा सोमवारी होती. माणूस पन्नाशीचा, मोटरसायकलला शिडी बांधलेली, आयुष्य खांबांवर गेलेले. भाईंच्या ओसरीत बसून त्याने पत्र दोनदा वाचले.

"ताई, हे तुमी लिवलं?"

"हो."

"अक्षर लई भारी हाय. पन ह्यातला बी कंचा?"

भाई मध्ये पडले. "बी म्हंजी बी. एमबीतला बी. तुला बी बी कळंना का बे?"

"बी बी कळतो अन् एम बी कळतो. म्हणूनच इचारायलोय. छोटा बी का मोठा बी?"

त्याने माझ्याकडून पेन मागून घेतले आणि पत्राच्या समासात इंग्रजी बी दोनदा काढला, एकदा धाकटा, एकदा थोरला. मग धाकट्याखाली रेघ मारली. "वेग मोजायचा तर ह्यो. फाईल मोजायची तर त्यो. आठ छोट्यांचा एक मोठा. समद्या दुनियेत असंच हाय, मी न्हाई काढलं."

मी वही उघडली. संकेतस्थळावर अक्षर धाकटे होते, फाईलच्या कोपऱ्यात थोरले. मी दोन्ही पाहिली होती आणि दोन्ही देवनागरीत उतरवून घेतली होती: एमबी, एमबी. आपल्या लिपीत अक्षराला धाकटे-थोरले रूप नसते. आठ दिवस मी मापे टिपत होते आणि टिपता टिपता त्यांतला फरक पुसून टाकत होते. बातमीत अशी चूक मी कोणालाही माफ केली नसती.

भाईंना हे पटले नाही. "म्हंजी इकायचं छोट्यानं अन् लागतो मोठा? ही तर सरळ लुच्चेगिरी हाय."

भाभी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांचे माहेर युसूफ वडगावचे, वडील बाजारात धान्य मोजून देणारे मापाडी. त्यांनी ट्रे ठेवला.

"त्यात काय लुच्चेगिरी? दोन मापट्याचा शेर, चार शेराची पायली. आठ मापट्याची पायली झाली का न्हाई? मोजणारा मापट्यानं मोजायलाय अन् तुमाला ज्वारी पायलीनं पायजे. भांडताव कशाला? आठानं भागा."

"हे तू आठ दिस आदी कावून न्हाई सांगितलं?"

"मला कुणी इचारलंच न्हाई. पेपरवाल्या ताई होत्या की."

मी आठाने भागले. चौऱ्याण्णव भागिले आठ, पावणेबारा. मिळत होते अकरा. माझ्या कंपनीने काही चोरले नव्हते. अडतीस भागिले आठ, पावणेपाच. मिळत होते दीड. हा आकडा मी वाचून दाखवला तेव्हा केबलवाल्याने कप खाली ठेवला.

"दीड न्हाई व्हायला पायजे. मशीन कुठं हाय?"

भाई त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. आम्ही मागोमाग गेलो. केबलवाला हिरव्या पेटीपुढे उभा राहिला.

"हे काय हाय?"

"पेटी. पत्रा बघ, असा मिळत न्हाई आता."

"अन् मशीन?"

"आत."

"भाई, हे नेट हाय का तिजोरी?"

"धूळ लई येती. माकडं बी हायत."

"माकड न्हाई शिरत, धूळ न्हाई शिरत, मग वायफाय कसा भाईर पडंल? पत्र्यातून न्हाई जात त्यो."

"भोक ठिवलंय की मागं."

"त्या भोकातून जेवढा निसटला, त्याच्यावर पोरीनं बावीस मिनिटं काढली."

भाईंनी पेटीवरून हात फिरवला. "पन मी मोजतो तवा अडतीस येतंय."

"मोजताना कडी लावून मोजता का?"

त्याचे उत्तर सगळ्यांना एकदम कळले. मोजताना पेटी उघडी असे. फाईल उतरवताना बंद. माझ्या वहीत रकाने चार होते. पेटीचा नव्हता.

यंत्र बाहेर काढून भिंतीवरच्या फळीवर ठेवले. भाभींनी त्याच्यावर घालायला विणलेला रुमाल आणला; मुलीने तो परत नेऊन ठेवला. माडीवर कोपऱ्यातला आकडा चारपर्यंत गेला. मध्ये स्लॅब असल्यामुळे पावणेपाच येणार नाहीत, असे केबलवाल्याने सांगितले. भाईंनी ते आम्हाला समजावून दिले: "मांजरसुंब्याच्या हायवेला गाडी ऐंशीनं पळती, गल्लीत शिरली की वीस. तसं." फाईल आठ मिनिटे वीस सेकंदांत उतरली. दहाच्या आत, पण फार आत नाही.

सोमवारी अकराला परीक्षा सुरू झाली. पुण्याच्या परीक्षक बाई मुलीच्या मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलमधून, मोबाइलच्याच डेटावर, सगळे पाहत होत्या. फाईल संपेपर्यंत मुलीने जागेवरून उठायचे नव्हते आणि दुसऱ्या कोणाशी बोलायचे नव्हते. म्हणून खुणा ठरल्या होत्या. कोपऱ्यात जो आकडा असेल तेवढी बोटे तिने पाठीमागे धरायची. जिन्यातून मला तिची पाठ दिसत होती. माझ्या हातात घड्याळ आणि वही. भाभी खाली कणीक मळत होत्या. घरातले बाकी सगळे फोन बंद होते.

चार मिनिटांपर्यंत बोटे चार होती. मग एक झाले.

त्याच वेळी भाई दारातून आत आले होते. गॅरेजात लक्ष लागेना म्हणून काम टाकून, ग्रीसने कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी. फोन शर्टाच्या खिशात होता. घरात पाऊल पडताच फोनने घरचे वायफाय ओळखले आणि अडलेले सगळे खेचायला सुरुवात केली. मेकॅनिक लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात दिवसभर बिघडलेल्या इंजिनांच्या आवाजाचे व्हिडिओ येतात.

"भाई," मी जिन्यातून हळू आवाजात म्हणाले, "तुमचा फोन. वायफाय बंद करा."

त्यांनी फोन काढला. पडद्यावर बोट फिरवले. ग्रीसच्या बोटाला पडदा दाद देईना. शर्टाला बोट पुसले. शर्ट बोटापेक्षा काळा होता. फोन भाभींपुढे धरला. भाभींनी कणकेचे हात वर केले. "माझे बी तसलेच हायत."

वर अजून एकच बोट होते. पाच मिनिटे झाली होती.

भाईंनी इकडेतिकडे पाहिले. शनिवारपासून रिकामी पडलेली हिरवी पेटी भिंतीशी होती. त्यांनी फोन तिच्यात टाकला, झाकण आपटले, कडी लावली आणि मागच्या भोकावर ग्रीसचा तळहात दाबून धरला.

पाच मिनिटे चाळीस सेकंदांना माडीवर पुन्हा चार बोटे दिसली. भाई उकिडवे बसले होते, तसेच बसून राहिले. मधूनमधून तोंड वर करून विचारत, "किती?" मी बोटांनी सांगत होते.

फाईल नऊ मिनिटे तीस सेकंदांनी उतरली. परीक्षक बाईंनी वेळ नोंदवली, अभिनंदन केले आणि मधे लोखंडावर काही आपटल्यासारखा आवाज आला तो कसला, असे विचारले. मुलगी म्हणाली, "अब्बांनी फोन ठेवला." कामाच्या वेळी असे आवाज चालणार नाहीत, असे बाईंनी सांगितले. मुलीने चालणार नाहीत म्हणून कबूल केले. मग ती जिन्यात आली आणि ओरडली, "अब्बा, हात काढा आता!"

मी त्या दुपारी कंपनीच्या तक्रार विभागाला दुरुस्ती पाठवली. मागील पत्रात 'एमबी' हा शब्द सात ठिकाणी आला असून त्यांपैकी चार ठिकाणी तो धाकटा आणि तीन ठिकाणी थोरला वाचावा; कंपनीवरील आरोप मागे घेण्यात येत आहे. उत्तर ताबडतोब आले. माझी दुसरी तक्रार नोंदवून घेण्यात आली होती आणि झालेल्या गैरसोयीबद्दल त्यांना खेद होता.

मुलगी आता रोज सकाळी दहाला माडीवर जाते. पुण्याला जावे लागले नाही. वायफायचे यंत्र फळीवर उघडे आहे आणि त्याच्यावर धूळ बसते. पेटी जिन्याच्या पायथ्याशी असते. काम चालू असताना घरात येणाऱ्या प्रत्येकाचा फोन तिच्यात जातो. भाईंनी आतून जुन्या सीटचा स्पंज लावला आहे, म्हणजे टाकताना आवाज होत नाही. केबलवाला बिल घ्यायला येतो, तोही काही न बोलता टाकतो.

परवा चहाला गेले तेव्हा भाईंनी झाकण उघडून धरले.

"ताई, तुमचा बी."

लहान की मोठा, हे मी विचारले नाही.