ऑस्टिनचा उपवासकाळ

चौतीस वर्षांच्या मुलाची छाती वरखाली होते आहे की नाही, हे दाराआडून बघायची सवय रोझलीनला लागली होती. नवरा लॉरेन्स एक्केचाळिसाव्या वर्षी हार्टअटॅकने गेला, हे निर्मळ गावात सगळ्यांच्या लक्षात होतं. फक्त तिच्या या मुलाच्या, ऑस्टिनच्या, नसावं.

ऑस्टिन म्हणजे भारी कामाचा माणूस. सकाळी सातला वालीवच्या कारखान्यात लेथवर, रात्री लग्नांत एरॉलच्या बँडमध्ये ट्रंपेट. दोनला घरी, साडेपाचला उठायचं.

"रविवारी भरून काढतो गं, मम्मी," म्हणायचा. झोप म्हणजे जणू मळके कपडे, आठवडाभर साठवून एकदम धुवायचे.

फेब्रुवारीत रक्तात साखर वाढलेली निघाली. नेमका इस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. ऑस्टिनने डुकराचं मटण, गोड, बिअर, सगळं सोडलं. इस्टरनंतरचा रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास! मग काय, आळीभर व्याख्यानं सुरू. फ्लॉसीमावशीने केक पुढे केला, तर "मावशी, साखर म्हणजे विष!" मावशीने ते विष मुकाट्याने स्वतःच खाल्लं.

पथ्य त्याने नंतरही मोडलं नाही, हे कबूल करायला हवं. मे महिन्यात लग्नाचे पाहुणे मटणावर ताव मारत आणि हा दोन गाण्यांच्या मध्ये काकडी चावत असे. जूनमध्ये साखर वर, रक्तदाब वर, पोट चार बोटं पुढे.

"लॅबचं मशीन बिघडलं असणार," ऑस्टिनने निदान केलं.

"झोपतोस किती?" डॉक्टर विनितांनी विचारलं.

"तीन-साडेतीन तास. पण गाढ!"

डॉक्टर हसल्या नाहीत. "रोज एवढंच झोपलास तर साखर नीट वापरली जात नाही, भूक वाढते, रात्री उतरायचा रक्तदाब उतरत नाही. हृदयाला विसावाच नाही. पथ्य चालू ठेव, पण उपवासकाळात किती झोपत होतास?"

उत्तर सोबत आलेल्या रोझलीनने दिलं. "दहाला घोरायचा. उपवासकाळात आमच्यात लग्नं कुठे असतात, डॉक्टर?"

घरी येताना ऑस्टिनच्या डोक्यात एवढाच उजेड पडला, "म्हणजे मटण मी उगाच सोडलं?"

"आणि बँड?"

"एरॉलला शब्द दिलाय, मम्मी."

"तुझ्या पप्पांनीही खूप जणांना दिले होते."

घरी पोचताच तो जेवणाच्या ताटावरच पेंगू लागला. आठवड्याला एकच लग्न, तेही दहापर्यंत. बाकीच्या लग्नांसाठी दुसरा ट्रंपेटवाला बघ, असं एरॉलला सांगायचं रोझलीनने ठरवलं. ऑस्टिन चिडेल, आठवडाभर बोलणार नाही. नाही बोलला तर नाही. तिने फोन घेतला आणि एरॉलचा नंबर लावला.