अकरा मिनिटांची गल्ली

सोमवारी सकाळी गाडीत कुणी म्हटलं, "काल घर बघून आलो," की सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घ्यायचे. पुसून झाला की परत डोळ्यांवर चढवायचे आणि बोलणाऱ्याकडे वळून विचारायचे, "काल म्हणजे रविवारी?"

"हो."

"मग नाही बघितलं."

समोरच्याचा चेहरा खर्रकन उतरायचा. बिचारा बायकोपोरांना घेऊन एजंटाच्या मागं चार तास हिंडून आलेला असायचा. गच्चीवरचा वारा, नळाचं पाणी, गाडी लावायला जागा, सगळं त्याला सांगायचं असायचं. "रविवारी सगळ्या गल्ल्या चांगल्याच दिसतात," सर म्हणायचे. "माणसं घरात असतात ना. मंगळवारी दुपारी बाराला जा. तुम्ही नसताना ते घर कसं असतं, ते बघा."

तुम्ही कधी अप-डाउन केलं असेल तर आमची गाडी तुम्हाला ओळखीची वाटेल. सात-आठ मास्तरांनी मिळून लावलेली जुनी जीप. सकाळी नगरच्या चांदणी चौकातून निघायची आणि मिरजगावच्या अलीकडे-पलीकडे एकेकाला त्याच्या शाळेवर उतरवत जायची. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. नगरात आता अशी माणसं कितीतरी आहेत. कुणी सुप्याच्या कंपनीत, कुणी जामखेडच्या बँकेत, कुणी तर रोज थेट पुण्याला. त्यामुळे घर कुठं घ्यायचं हा गाडीतला कायमचा विषय होता, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं होतं: ज्या रस्त्याला नोकरी त्या रस्त्याला घर. दिवसातली वीस मिनिटं वाचली की आम्ही स्वतःला हुशार समजायचो.

सर भूगोल शिकवायचे. उंच, जरासे वाकलेले, खिशाला दोन पेनं. गाडीत त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकायचे. एकदा एका एजंटाला त्यांनी दुपारी बाराला फ्लॅट दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, "सर, त्या वेळी तिथं कुणीच नसतं." सर म्हणाले, "तेच बघायचंय." त्या एजंटाने पुन्हा कधी त्यांचा फोन उचलला नाही.

मी सरांच्याच शाळेत बदलून आले होते, गाडीत नवीन होते. मराठी शिकवते, त्यामुळे माणसांचे नमुने गोळा करायची मला खोड आहे. या गाडीतला नमुना हाच, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. मग एक दिवस सर रजेवर असताना मी हसत हसत विचारलं, "आज कुठली गल्ली?" कुणीच हसलं नाही. शेजारच्या मॅडमनी मला हळू आवाजात सगळं सांगितलं, आणि मला माझीच लाज वाटली.

सरांनी पहिलं घर रविवारीच बघून घेतलं होतं. सोलापूर रस्त्याला लागून नवी कॉलनी, अठरा बंगले, आणि सगळे नोकरदार. शिक्षक, बँकवाले, एक ग्रामसेवक. "सगळे आपल्यासारखेच लोक," असं सर तेव्हा कौतुकाने सांगायचे. जीप थेट फाटकापाशी थांबायची. साडेसातपासून एकेक स्कूटर बाहेर पडायची आणि नऊपर्यंत त्या कॉलनीत चिटपाखरू उरायचं नाही.

वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, काचबिंदू होता. तोवर त्यांची नजर इतकी गेली होती की फक्त उजेड आणि सावली कळायची. मुलगा बंगळुरूला. घरातलं सगळं त्या हाताच्या अंदाजाने करायच्या, चहा-स्वयंपाकसुद्धा. एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. त्यांनी हाका मारल्या. अकराला भाजीची गाडी आली, पण तिच्या भोंग्यावर मेथी-कोथिंबिरीचं चालू होतं, त्यात त्यांची हाक बुडाली. सर घरी पोचले पावणेसहाला.

पुढं बऱ्याच दिवसांनी वहिनींनी मला सांगितलं, "खिडकीतलं ऊन आधी पायावर होतं. मग पोटावर आलं. मग गेलं. तेव्हा म्हटलं, आता येतीलच हे."

सरांनी त्या दिवसाबद्दल गाडीत कधी अवाक्षर काढलं नाही. बंगला विकायला काढला आणि दुसरं घर शोधायला लागले. वहिनींची बहीण येऊन राहिली होती, पण ती तरी किती दिवस राहणार? ती परत जायच्या आत सरांना अशी जागा हवी होती, जिथं ते दिवसभर नसले तरी वहिनी एकट्या नसतील.

वर्षाच्या किरकोळ रजा ते या कामाला पुरवून पुरवून वापरायचे. अकराच्या सुमाराला एखाद्या गल्लीत जायचे, कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे आणि वहीत लिहायचे. ती वही मी पाहिली आहे. एका पानावर लिहिलं होतं, 'अकरा ते बारा. एक कुत्रं, एक कुरिअरवाला. मी कोण, हे कुणी विचारलं नाही.' पुढच्या पानावर, 'माणसं आहेत. दारं लावलेली. टीव्हीचा आवाज. कुणी विचारलं नाही.' पानामागून पान तेच. भूगोलाच्या माणसाने दिशा लिहावी, उतार लिहावा, पाणी कुठून येतं ते लिहावं. हे लिहीत होते, आपल्याला कुणी हटकलं का.

माझे मिस्टर सुप्याला कंपनीत, म्हणून आम्हीही पुणे रस्त्याला केडगावात घर बघत होतो. एका मंगळवारी मीही रजा टाकली आणि सरांबरोबर गेले. खरं सांगायचं तर मला त्यांची गंमत बघायची होती.

गल्ली काही देखणी नव्हती. एका टोकाला पिठाची गिरणी, तिची घरघर सगळीकडे. एक मावशी दारात पत्र्याखाली शिलाई मशीन मांडून बसल्या होत्या. समोरच्या ओट्यावर दोघी गहू निवडत होत्या. कुठल्याशा घरात सासू-सुनेचं कुकरच्या शिट्ट्यांवरून जोरात वाजलं होतं. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. सरांनी घड्याळ बघितलं, वही उघडली. मी पदर सावरून जमिनीकडे बघत बसले.

थोड्या वेळाने मशीन थांबलं.

"कोन पायजे?" मावशींनी जागेवरूनच विचारलं.

"कुणी नाही," सर म्हणाले.

"मंग हितं का बसलाय?"

"सहज."

"सहज कोन बसतंय उनाचं? आन् त्यात लिवताय काय?"

मावशी उठून आल्या. त्यांच्यामागं गहू निवडणाऱ्या दोघी आल्या. कुकरचं भांडण तेवढ्यापुरतं थांबलं आणि सासू-सून दोघी मिळून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मीटरवाले हायेत का?"

"न्हाई गं, मीटरवाल्याकडं मशीन असतंय. मागल्या म्हयन्यात अशीच जोडी आल्ती. सोन्याला पालिश करून देतो म्हनत हुती."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "हिच्या पर्समधी काय हाय, बगा आदी," एकजण म्हणाली. तोवर गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला बाहेर आला आणि त्याने सरांना नाव, गाव, तालुका, सगळं विचारायला सुरुवात केली. वीस वर्षं वर्गात पोरांना दटावणारी मी, पर्स छातीशी धरून रडायच्या बेताला आले होते. मी सरांकडे बघितलं. ते घड्याळ बघत होते.

"अकरा मिनिटं," ते मला म्हणाले. "अकरा मिनिटांत धरलं, मॅडम!" त्यांचे डोळे भरून आले होते. त्या बायकांना वाटलं, माणूस घाबरला.

मग सरांनी त्यांना सगळं सांगितलं. मोरी, मोबाईल, भाजीवाल्याचा भोंगा, पावणेसहा. जे आमच्यापाशी, रोजच्या सोबतच्या माणसांपाशी, त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, ते त्यांनी संशयाने बघणाऱ्या पाच बायका आणि एका गिरणीवाल्याला उन्हात उभं राहून सांगितलं. ऐकून घेतल्यावर मावशी म्हणाल्या, "मंग आदी सांगायचं की. माझ्या समोरचंच घर रिकामं हाय. पन पानी तिसऱ्या दिशी येतंय, आन् गिरनीचा आवाज लई. मागनं कुरकुर नगं."

परत येताना सर रिक्षात लहान मुलासारखे बोलत होते. मी मध्येच विचारलं, "वहिनींना विचारलंत का?"

त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "ते राहिलंच की."

पुढच्या आठवड्यात त्यांनी वहिनींना गल्ली दाखवायला नेलं. दाखवायला म्हणजे ऐकवायला. त्या वॉकर धरून गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. मीही होते. पाचेक मिनिटांनी त्या म्हणाल्या, "इथं भांडतात फार."

सरांचा चेहरा पडला.

"बरं आहे," वहिनी म्हणाल्या. "त्या कॉलनीत मोठ्यानं बोलायचीसुद्धा लाज वाटायची. त्या दिवशी पहिला तासभर मी हाका हळूच मारल्या होत्या."

हे सरांना तोवर माहीत नव्हतं. वॉकरच्या दांडीवर वहिनींच्या हाताशेजारी त्यांनी आपला हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

घर ठरलं, पण केडगाव शहराच्या एका टोकाला आणि आमची जीप दुसऱ्या टोकावरून निघणारी. पूर्वी फाटकाशी गाडी येणारा माणूस आता पहाटे उठून दोन रिक्षा बदलून चांदणी चौकात यायला लागला. ड्रायव्हर चिडवायचा, "सर, आता पुण्यालाच बदली मागा." सर हसायचे आणि त्यांच्या जागेवर गुडघे मुडपून बसायचे. मधल्या सुट्टीत मात्र घरी फोन ठरलेला. पहिल्याच आठवड्यात एकदा वहिनींनी फोन उचलला नाही. एक नाही, दोन नाही, चार वेळा. सरांनी मशीनवाल्या मावशींना फोन लावला. पलीकडचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आला.

"त्या हितंच हायेत, माझ्याकडं. ब्लाउजला हुका लावायल्यात. हाताला काय बरुबर कळतंय त्यांच्या! तुमी शाळा शिकवा."

आम्ही घर शेवटी दुसरीकडे घेतलं. रविवारीच बघून घेतलं. मिस्टरांना पार्किंग आवडलं होतं. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले. इतकी वर्षं झाली, तरी समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभात म्हणाले, "आता दुपारी घरी असणार. हिला सोबत होईल." आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर वर्षभर जाणं झालं नाही, आणि ही गोष्ट मला लागून राहिली होती. एक दिवस रजा काढून दुपारी तीनला मी त्यांच्या दारात उभी राहिले.

सर एकटेच होते. दाराच्या आत खुर्ची टाकून बसले होते, गल्लीकडे तोंड करून.

"वहिनी?"

त्यांनी हनुवटीने समोर दाखवलं. पत्र्याखालून मशीनचा आवाज येत होता आणि त्यातून वहिनींचं हसू. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बारा ते चार ती तिकडं असते," सर म्हणाले. "मला म्हणते, तुम्ही शाळेतच बरे होतात." आणि हसले. चहा त्यांनीच केला. साखर जास्त झाली होती.

मग स्वतःहूनच बोलले. "सुरुवातीला मी तिला आणायला जायचो. दारापासून दारापर्यंत अठ्ठावीस पावलं आहेत. हाताला धरून आणायचो. एक दिवस मावशींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, सर, तुमी शाळंत हुता तवा वैनी एकल्या यायच्या-जायच्या. आता तुमचा हात धरल्याबिगर त्यांचं पाऊल उचलंना." सरांनी कप खाली ठेवला. "मी इतकी वर्षं घाबरत आलो, ते मी नसताना तिचं काय होईल म्हणून. मी घरात असल्यानंच तिचं काही बिघडेल, हे कधी डोक्यातच आलं नाही, मॅडम."

चारला मशीन थांबलं. वहिनी उठल्या, काठी घेतली आणि पत्र्याबाहेर आल्या. मी नकळत खुर्चीतून उठले. सरांनी नुसता तळहात वर केला. मी बसले.

त्या चालायला लागल्या. सरांचे ओठ हलत होते. पावलं मोजत होते. निम्म्या वाटेत कुणीतरी नेमकी मोटारसायकल आडवी लावली होती. वहिनींची काठी तिच्या चाकाला लागली आणि त्या थांबल्या. सरांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. पण ते जागचे हलले नाहीत, की त्यांनी हाक मारली नाही.

"वैनी, डाव्या अंगानं या," मशीनपाशी बसल्या जागेवरून मावशी ओरडल्या. "त्यो गाढव परत गाडी लावून गेलाय."

वहिनी हसल्या, डावीकडून वळसा घातला आणि चालत आल्या. काठी पायरीला लागली. हात चौकटीवर आला. त्यांनी चपला काढल्या, पायानेच भिंतीकडे सारल्या, आणि आमच्यापासून चार हातांवर उभं राहून घराकडे तोंड करून विचारलं, "अहो, आहात का?"

सरांनी कोंडून धरलेला श्वास आधी सोडला. मग म्हणाले, "आहे."