खिशातलं घड्याळ

बरकतपुऱ्याच्या बसथांब्यावर तो रोज दिसायचा. वेळ विचारली की पँटच्या खिशातून मनगटी घड्याळ काढायचा. मोटारींच्या कारखान्यात तो दारं बसवायचा. नव्या रंगावर ओरखडा उठू नये म्हणून तिथे हातात घड्याळ, अंगठी काहीच चालत नसे. मग मागणी घटली आणि त्याला तात्पुरतं घरी बसवलं. तात्पुरतं म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही. आता तो काम शोधायला आबिड्सला जायचा, पण घड्याळ खिशातच.

"आता तरी हातात घाल की," मी एकदा म्हटलं.

"नक्को काका. कामावर परत बुलाते बोले ना! हाताची सवय मोडली, तर पहिल्याच दिवशी गाडीला ओरखडा उठेल."

काल वेळ विचारली, तर त्याने मनगट पुढे केलं. किती वाजले होते, ते मी बघितलंच नाही.