जया ओव्हाळ आणि 'बस'चा अर्थ

जया ओव्हाळ अकरा वर्षं शहर बसमध्ये कंडक्टर आहेत. वारजे ते स्वारगेट हा त्यांचा नेहमीचा मार्ग. दिवसातून शंभर वेळा तोंडात येणारा 'बस' हा शब्द आला कुठून, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी गाडी कर्वेनगरलाच गच्च भरली. दांडीला धरून उभे असलेले एक आजोबा तिकीट घेताना शांतपणे म्हणाले, "स्वारगेटपर्यंत उभंच राहायचं असेल, तर हिला बस का म्हणतात?"

आजूबाजूचे हसले, जयाताईही हसल्या. पण प्रश्न डोक्यात राहिला. बस बसण्यावरून आली असणार, असं त्या लहानपणापासून धरून चालल्या होत्या. शब्द तर इंग्रजी. इंग्रजांना आपलं 'बसणं' कुठून ठाऊक असणार? त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"बस म्हणजे बस," तो म्हणाला.

दर गुरुवारी सदाशिव पेठेतून वारज्याला बहिणीकडे जाणाऱ्या सुनीती आगाशे मात्र अशा प्रश्नांची वाटच पाहत असाव्यात. कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. परतीच्या फेरीला गाडी रिकामी होती, तेव्हा जयाताईंनी विषय काढला.

"मूळ शब्द ऑम्निबस," सुनीतीबाई म्हणाल्या. "लॅटिनमधला. 'सर्वांसाठी'. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कुणीही बसावं अशा घोडागाड्या निघाल्या, त्यांना हे नाव पडलं. एका टोपीवाल्याच्या पाटीवरून पडलं म्हणतात, पण ते खरं धरू नका."

"मग ऑम्नी म्हणजे सर्व आणि बस म्हणजे गाडी?"

"तीच तर गंमत आहे. बस म्हणजे काहीच नाही. नुसता प्रत्यय. शाळेत चतुर्थी शिकलात ना? 'सर्वांना' यातला 'ना'. लोकांनी 'सर्व' गाळला आणि प्रत्ययच रस्त्यावर धावायला लागला."

अकरा वर्षं आपण एका प्रत्ययात उभ्या आहोत, हे पचायला जयाताईंना दोन स्टॉप लागले.

त्या रविवारी त्यांचे पती संजय दारात एका सोसायटीचं विजेचं पॅनेल जोडत बसले होते. ते वायरमन आहेत. "तो बसबार दे गं इकडे," ते म्हणाले. जयाताईंनी तांब्याची जाड पट्टी उचलली आणि हातातच धरून ठेवली.

"याला बसबार का म्हणतात?"

"म्हणतात."

"याचं काम काय?"

"मेन लाइन याच्यावर येते. इथून सगळ्यांना करंट जातो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. दे आता."

गुरुवारी त्यांनी सुनीतीबाईंना विचारलं, हीच ती बस का? बाईंनी बसबार हा शब्दच ऐकला नव्हता. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांना फारसं सवयीचं नव्हतं. पुढच्या गुरुवारी त्या जागेवर बसायच्या आधीच बोलल्या, "जयाताई, तुमचं बरोबर आहे. आधी ऑम्निबस-बारच म्हणायचे. चाळीस वर्षं भाषेत घालवली, पण हे मला कधी दिसलं नाही."

"तुमच्या घरी वायरमन नसेल," जयाताई म्हणाल्या.

बाईंना तो बसबार प्रत्यक्ष बघायचा होता. जयाताईंच्या सुट्टीच्या दिवशी त्या वारज्याला त्यांच्या घरी गेल्या. कुणी आपलं काम बघायला येईल याची संजयना सवय नव्हती. त्यांनी आधी फडक्याने पॅनेल पुसलं, मग झाकण उघडलं. बाई वाकून बघू लागल्या.

"हात लावू का?"

"लावा. लाइन नाहीये याच्यात."

बाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग शेजारच्या स्विचकडे वळल्या. "आणि याला काय म्हणता आपण?"

संजय सांगू लागले. जयाताईंनी चहा दोनदा गरम केला.