उपासाच्या दिवसाची गोळी

"उपाशी पोटी गोळी घ्याची नसते, येवढं तं मलेही समजते," सुभद्राबाई एकदा आपल्या लेकीला, मिनलला, म्हणाल्या होत्या, आणि मिनलने ते निमूट मानलं होतं.

मिनल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. फिटचा पहिला झटका आला तो वॉर्डातच, एका पेशंटच्या पलंगाशी. धंतोलीतल्या डॉक्टर अरुंधतींनी तपासण्या करून गोळी दिली, सकाळी एक, रात्री एक. औषधाच्या दुकानातल्या माणसाने पाकिटावर पेनाने लिहिलं, जेवणानंतर. कॉलेजने सांगितलं, तीन महिने झटक्याविना काढ, मग वॉर्डात ये.

सुभद्राबाई काटोलच्या. नवरा गेल्यावर मनीषनगरात आल्या आणि पाच घरच्या पोळ्या करू लागल्या. दहा गोळ्यांची स्ट्रिप पाच दिवसांत संपायची. एका घरच्या पोळ्यांचे पैसे गोळ्यांचेच, असं त्या हसून सांगत. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं निम्म्यात मिळतं हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. चालेल, पण मग तेच धरून ठेवा, सारखी कंपनी बदलू नका, असं उत्तर आलं. त्यांनी ते पाळलं. स्ट्रिप देवघरात, गणपतीच्या मागे राहू लागली. दोन्ही वेळा त्या स्वतः गोळी काढून देत, मिनल गिळेपर्यंत समोर उभ्या राहत आणि जीभही दाखवायला लावत.

पहिले काही आठवडे मिनल नुसती पेंगत होती. घास तोंडात तसाच राहायचा. झोप उतरली तसा राग चढला. "मी वॉर्डभर पेशंटले गोळ्या देत होती, अन् तू माही जीभ पाहून राहिली," असं म्हणून तिने एकदा ताट सरकवलं. मग न्हाणीत जाऊन रडली. हा राग आपला नाही असं तिला वाटे. मग कोणाचा, ते सांगता येत नव्हतं.

आणि झटके थांबत नव्हते. महिना नीट जात आला की पुन्हा एक. सुभद्राबाईंनी पहिल्याच झटक्यानंतर टेकडीच्या गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या, मायलेकींनी मिळून करायच्या. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांनी साबुदाणाही बंद केला. चंद्र दिसेपर्यंत दोघी पाण्यावर. देव पाहून राहिला, आपण कमी पडायचं नाही, असं त्या म्हणत.

चौथ्या झटक्यानंतर डॉक्टर दुसरी गोळी जोडायच्या विचारात होत्या. त्यांनी तारखा विचारल्या. सुभद्राबाईंनी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडरच काढलं. झटक्याच्या दिवसावर त्या कुंकवाचं बोट लावत. डॉक्टर पानं उलटत गेल्या. पहिला झटका सोडला, तर प्रत्येक कुंकवाच्या चौकटीत, नाहीतर तिच्या आदल्या चौकटीत, चंद्रोदयाची वेळ छापलेली होती.

"संकष्टीला सकाळची गोळी कधी घेते ही?"

"उपास राहते नं तिले," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. ही गोळी उपाशी पोटीही चालते, चुकवलेली मात्र चालत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मिनलने रागाचंही तेव्हाच विचारून घेतलं. तो या गोळीमुळेही असू शकतो, वाढला तर कळव, पण आपल्या मनाने बंद करू नकोस, असं त्या म्हणाल्या. दुसरी गोळी लिहिली नाही.

परतताना ऑटोत सुभद्राबाई कॅलेंडरची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मिनलने त्यांचा तव्याने पोळलेला हात धरला. "तुले कसं माहीत राहीन, आई? मी तं नर्सिंगची. माह्याही ध्यानात नाही आलं." त्यांनी हात सोडवला नाही.

पुढच्या संकष्टीला सकाळीच त्यांनी मिनलपुढे पोळीभाजीचं ताट ठेवलं. "उपास आता माह्या एकटीचा. देवाले सांगतलं मी. तू जेव वं."

तीन संकष्ट्या गेल्या. कॅलेंडरवर कुंकू लागलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, कॉलेजने ये म्हटलं.

त्या सकाळी मिनल युनिफॉर्म घालून, खाऊन देवघराशी आली आणि सवयीने हात पुढे केला. सुभद्राबाईंनी गणपतीमागून स्ट्रिप काढली. गोळी काढली नाही. अख्खी स्ट्रिप तिच्या खिशात घातली, खिसा वरून एकदा दाबला. पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. आता या समोर उभ्या राहतील म्हणून मिनल थांबली.

सुभद्राबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि मागे न पाहता पोळ्या करायला निघून गेल्या.