डावी मोरी, उजवी नडगी

फिजिओथेरपिस्टकडे किस्से का साचतात, याचं कारण अगदी साधं आहे. बाकीच्या डॉक्टरांसमोर पेशंट पाच मिनिटं बसतो. आमच्याकडे तो पाऊण तास असतो, अन् तोही एक पाय वर करून! पाय वर अडकलेला माणूस दुसरं काय करणार? बोलतो. दुखणं दोन मिनिटांत संपतं, मग सुनेचं सांगतो, शेजाऱ्याचं सांगतो, लग्नातल्या मठ्ठ्याचं सांगतो. अमरावतीत, राजापेठेत, मला क्लिनिक टाकून चौदा वर्षं झाली. ऐकलेलं सगळं लिहून ठेवलं असतं तर केसपेपर पुरले नसते.

*

माझं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. खाली गाळा मिळालाच नाही. सतरा पायऱ्या, अन् त्याही उंच. गुडघ्याचा प्रत्येक पेशंट वर आला की आधी दम घेतो, मग मला बोल लावतो, मग दुखणं सांगतो.

फक्त एका माणसानं त्या जिन्याचं कौतुक केलं. उस्मानभाई. दोन गल्ल्या सोडून त्यांचं शिलाईचं दुकान आहे, चाळीस वर्षं मशीनवर बसलेले. खांदा आखडला होता, हात कानापर्यंत जाईना. पहिल्या दिवशी वर आले, दारातून जिना नीट न्याहाळला आणि म्हणाले, "मॅडम, दवाखाना बराबर जागी टाकला तुमी. जो वर चढला थो अर्धा बरा. अन् ज्याले चढताच नाही आलं, थो घरीच बरा!"

*

इंगळे काकू दोन्ही गुडघे धरून आल्या आणि टेबलावर बसता बसताच म्हणाल्या, "मॅडम, करंट लावा."

आमच्याकडे लोकांना मशीन लागतं. सुई नाही, गोळी नाही, निदान करंट तरी! मी म्हटलं, "काकू, करंट राहू द्या. आधी मांडीत जोर आणू."

"गुडघा दुखते अन् तुमी मांडीचं सांगून राहिल्या? उद्या दात दुखला तं कान पाह्यसान काय?"

मी शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे माझ्या मानानं. मांडी ढिली पडली की सगळा भार गुडघ्यावर येतो, मांडी मजबूत झाली की गुडघ्याला सुट्टी मिळते. मग गृहपाठ दिला. पक्क्या खुर्चीवर बसायचं, हात छातीशी बांधायचे, हळू उठायचं, हळू बसायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

आठव्या दिवशी काकूंच्या ऐवजी त्यांची सून आली, लालबुंद होऊन. "मॅडम, आमच्या घरचं नाव खराब होऊन राहिलं!"

झालं असं की काकू व्यायाम टीव्हीसमोर करायच्या. मालिकेत जाहिरात लागली की सुरू. शेजारणीनं खिडकीतून पाहिलं, तर सासू छातीशी हात बांधून उठ-बस करते आहे आणि सून सोफ्यावर बसून शेंगा सोलते आहे. दोन दिवसांत कॉलनीभर झालं, इंगळ्यांची सून सासूकडून उठाबशा काढून घेते!

मी काकूंना विचारलं, "तुम्ही शेजारणीला सांगितलं का नाही?"

काकू म्हणाल्या, "काहून सांगू? चार दिवसांपासून सून चहा भल्ली मस्त देऊन राहिली!"

तीन महिन्यांनी काकू सतरा पायऱ्या कठड्याला हात न लावता चढल्या. मी मुद्दाम दारात उभी राहून पाहिलं. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

*

मधुरा माझी सहकारी. शिक्षण पुण्याचं, लग्न होऊन अमरावतीत आली. हुशार आहे, हात चांगला आहे, केसपेपर तर असा लिहिते की फ्रेम करावा. पण पहिल्या महिन्यात तिनं लिहिलेले उस्मानभाईंचे पेपर वाचून माझं डोकं फिरलं. ओळीनं तीन आठवडे एकच नोंद होती, "घरचे व्यायाम सध्या बंद."

आणि तिकडे हात तर वर जात होता! मी उस्मानभाईंना झापायला सुरुवात केली. "व्यायाम बंद केले म्हणे तुम्ही?"

ते गांगरले. "कसम से मॅडम, रोज करून राहिलो!"

"बघा!" मधुरा म्हणाली. "मला पण दर वेळी हेच सांगतात. करून राहिलो. म्हणजे केले आणि आता राहिले."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि समजावलं की बाई, इथे 'करून राहिलो' म्हणजे करतो आहे, चालू आहे, थांबलेलं नाही. तिनं डोळे मोठे केले, कपाटातून गठ्ठा काढला आणि दिवसभर केसपेपर दुरुस्त केले. त्या एका दिवसात आमच्या क्लिनिकचे एकवीस आळशी पेशंट कष्टाळू झाले.

*

प्रतीक्षा त्याच सुमारास आली. दर्यापूरकडच्या एका खेड्यातली पोरगी, राजापेठेत चौघींबरोबर खोली करून राहायची. पोलीस भरतीची तयारी. उजवी नडगी सुजलेली, बोट लावलं की कळवळायची.

"मॅडम, फक्त दौडीपुरतं दुखनं बंद करा. मंग पाय तुटला तरी चालते."

"तुटलेल्या पायाला वर्दी देत नाहीत," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

मग तिनं सांगितलं. मागच्या भरतीत आठशे मीटरची दौड अर्धी झाली आणि नडगीतून अशी कळ आली की ती मैदानात खाली बसली. बाकीच्या पोरी बाजूनं निघून गेल्या. आता वयाची मर्यादा संपत आली होती, ही शेवटची संधी. चार महिने हातात होते आणि दुखतं म्हणून मागे पडू नये यासाठी ती दुप्पट पळत होती! डांबरी रस्त्यावर, तळ गेलेल्या बुटांत!

मी सांगितलं, "तीन आठवडे पळणं बंद."

ती उभीच राहिली. "मॅडम, थांबाले माह्याजवळ वेळ कुठं आहे?"

तिला थांबवलं आणि तिची संधी गेली, तर ती माझ्यामुळे जाणार होती. पण तशीच पळाली असती तर हाड तडकलं असतं. मी म्हटलं, "तू थांबणार नाहीस, फक्त पळणार नाहीस. रोज सकाळी सातला इथे यायचं." टाचा उचलणं, पोटरीला ताण देणं, सगळं बैजवार, ओळीनं नीट लिहून दिलं. ती गेली तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला होता.

*

गोळ्यावरून आठवलं. प्रतीक्षानं भरतीतल्या गोळाफेकीच्या सरावासाठी गोळा मागवला होता आणि तो येतच नव्हता. एका सकाळी सातला तिच्याऐवजी तिचा फोन आला. मधुरानं घेतला.

"ताई, गोळा आला वो!"

मधुरा खूश. "अरे वा! अभिनंदन! किती किलोचा?"

पलीकडून रडवेला आवाज आला, "किलोचा कायचा, ताई! पोटरीत आला! पाय खाली ठेवू देत नाही!"

पुण्यात त्याला पेटका म्हणतात, असं मधुराचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, म्हणत असतील, तू आधी तिला पायाची बोटं स्वतःकडे ओढायला सांग!

*

तीन आठवडे झाले. नडगीची सूज उतरली, प्रतीक्षा मैदानावर हळूहळू पळायला लागली. चौथ्या दिवशी पुन्हा तीच कळ. ती टेबलावर आडवी, डोळे छताला. मी नडगी चाचपत होते आणि खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली होती. तीन आठवडे तिचे घेतले होते मी.

पलीकडे उस्मानभाई भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम करत होते. तिथूनच म्हणाले, "मॅडम, या पोरीची डावी मोरी घासते."

मी वैतागलेलीच होते. "घासू द्या हो उस्मानभाई! भाड्याची खोली आहे, मालकीणबाई सांगत असेल काम!"

उस्मानभाईंनी हात खाली घेतला आणि कापड कमी आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "न्हाणीची मोरी नाही, मॅडम. पँटची!"

शिंप्यांच्या भाषेत पँटचा पायाशी येणारा घेर म्हणजे मोरी. प्रतीक्षाच्या ट्रॅकपँटची डावी मोरी घासून घासून दोरे निघाले होते, उजवी कोरी करकरीत.

"पाय सारखे असले तं मोऱ्या सारख्या घासतात," ते म्हणाले. "हिची एकच घासते. म्हंजे ही चालताना डाव्या अंगानं खाली बसते. चाळीस साल झाले, लोकायच्या कमरा पाहून राहिलो मी."

मी तिला उभं केलं. दोन्ही पायांची लांबी मोजली, सारखी. मग एकट्या उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं. कंबर डावीकडे खाली गेली! कमरेच्या उजव्या बाजूचा स्नायू कच्चा होता, आणि प्रत्येक पावलाला त्याचा भार उजव्या नडगीवर पडत होता. नडगी दुखते म्हणून मी गुडघ्याच्या वर पाहिलंच नव्हतं. इंगळे काकूंना ज्ञान शिकवणारी मी!

लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. आता कुठं काम करायचं ते कळलं होतं. कुशीवर झोपून पाय उचलणं, एका पायावर उभं राहणं, आमच्या सतरा पायऱ्या एकेक करून सावकाश उतरणं. पळण्याचं अंतर दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं, नवे बूट, मातीचं मैदान.

आणि दर सोमवारी उस्मानभाई मोरी तपासायचे. माझ्या आधी!

*

एका पायावर उभं राहण्यावरून सकाळच्या बॅचमध्ये स्पर्धा लागली. एकीकडे पंचविशीपार प्रतीक्षा, दुसरीकडे पासष्टीच्या इंगळे काकू. मधुरा घड्याळ धरून. अर्ध्या मिनिटात प्रतीक्षा डुलायला लागली आणि पाय टेकला. काकू बगळ्यासारख्या उभ्या, वर बोलत पण होत्या.

"काकू, कधी शिकल्या हे?"

"भाकरी थापता थापता. एक भाकरी उजव्या पायावर, एक डाव्या." मग प्रतीक्षाकडे वळून म्हणाल्या, "पोरी, असं कर. पोलिसात मी जातो, तू घरी येऊन भाकरी टाक!"

पोरगी पेटली. पुढच्या पंधरवड्यात तिनं काकूंना हरवलं. काकूंनी ते अजून मान्य केलेलं नाही.

*

मैदानी चाचणी अकोल्याला होती. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोन करण्यात अर्थ नव्हता. तरी मी चार वेळा केला. त्या दिवशी सकाळच्या बॅचचं कुणी घरी गेलंच नाही. काकूंनी तीनदा व्यायाम केला. उस्मानभाई दुकान उघडायचं विसरले.

दुपारी फोन वाजला. हॅलो नाही, काही नाही.

"मॅडम, मी बसली नाही! पळतच राहिली! पाय दुखलाच नाही, मॅडम!"

फोन माझ्या हातातून मधुरानं ओढला, तिच्याकडून काकूंनी. शेवटी उस्मानभाईंनी घेतला, घसा साफ केला आणि विचारलं, "बेटा, मोरी कशी आहे?"

पुढे लेखी परीक्षाही पार पडली आणि यादीत नाव लागलं. मी पेढे वाटले, अन् ज्यांनी "फिजिओथेरपी म्हणजे मालिशच ना?" असं विचारलं होतं, त्यांना शोधून शोधून वाटले.

*

आता शेवटचा. मी हा सगळ्यांना सांगते, स्वतःची बेइज्जती असूनसुद्धा.

माझं माहेर अकोल्याचं. गेल्या दिवाळीत गेले होते. आईला बाजारातून सामान आणायचं होतं. भावाची स्कूटर काढली, आईला मागे बसवलं. हेल्मेट घरीच राहिलं. म्हटलं, इथून इथं तर जायचं आहे!

चौकात पोलिसांनी गाड्या थांबवलेल्या. एक कॉन्स्टेबल बाई पुढे आली आणि हात दाखवला. कडक इस्त्रीची वर्दी, दोन्ही पायांवर सारखा भार, कंबर सरळ रेषेत. मी आधी कंबरच पाहिली, मग चेहरा. प्रतीक्षा!

मला इतका आनंद झाला की मी गाडीवरूनच ओरडले, "अगं, प्रतीक्षा! किती छान उभी आहेस तू!"

तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "गाडी साइडले घ्या, मॅडम. उतरा."

आजूबाजूला गर्दी जमायला लागली. मागून आई म्हणाली, "अवं बाई, सोड तिले! डॉक्टर आहे थे! कितीक लोकायचे हातपाय नीट केले तिनं!"

"माहीत आहे, आजी," प्रतीक्षा म्हणाली. "माहा पाय त्याईनंच नीट केला."

आई म्हणाली, "मंग?"

प्रतीक्षानं पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहत सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग काय, आजी! डोक्याले फिजिओथेरपी नसते!"