चावी कोणी दिली?

ती घटना मला आजही आठवते. आणि गेल्या महिन्यात नांदेडच्या एका सभागृहात ज्या तीन वक्त्यांनी ती सांगितली, त्यांच्यापैकी एकही जण त्या दिवशी पोलीस ठाण्यात हजर नव्हता, हेही आठवते. निमित्त लातूरहून नांदेडला येऊन राहिलेल्या एका निवृत्त व्हॉल्व्हमनच्या शोकसभेचे होते. पहिल्या वक्त्याच्या मते मी एका पोराला दोन थोबाडीत देऊन सरळ केले. दुसऱ्याच्या मते दिवंगत वृद्धाने त्याला नीतीचे पाठ दिले. तिसऱ्याने तर आपल्या गोष्टीत मला रडवले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मला कोणी बोलायला बोलावले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नांदेडहून फौजदार म्हणून माझी तिथे बदली झाली, त्या वेळी ठाण्यातल्या निम्म्या नोंदवह्यांवर जुन्या जिल्ह्याचा शिक्का खोडून नवा मारलेला होता. नव्या कचेऱ्यांची आणि निवासस्थानांची बांधकामे जोरात होती. पावसाने मात्र पाठ फिरवली होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. कोणत्या मोहल्ल्याची पाळी केव्हा, हे व्हॉल्व्हमनच्या हाती असे. तो रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून लांब लोखंडी चावीने झडप फिरवी. चावी फार जड, म्हणून ती खड्ड्यातच फरशीखाली ठेवून घरी जाण्याची रीत होती. ही रीत कोणापासूनही लपलेली नव्हती.

एका सकाळी ती चावी नाहीशी झाली. तीन मोहल्ल्यांची पाळी चुकली आणि रिकाम्या घागरी घेऊन बायका ठाण्यावर आल्या. व्हॉल्व्हमनने फिर्याद दिली. दहाच्या सुमारास आमच्या नेहमीच्या चहावाल्याने खबर आणली.

"साहेब, ते चाकूरकडचं पोरगं न्हाई का, सायकलचोर? काल सांजच्याला पोत्यात लांबडं काहीतरी गुंडाळून नेऊन राहिलं होतं."

पोरगा पंधरा वर्षांचा. आईबाप खडी फोडण्याच्या कामावर शहरात आलेले. तो नववी नापास. सायकलचोरीत एकदा हमीवर सुटला होता. दुसरा गुन्हा म्हणजे रिमांड होम निश्चित. तिथून परतलेली पोरे मी पाहिली होती. पुढच्या वेळी ती मोठ्या गुन्ह्यात आमच्याकडे येत. वयामुळे त्याला कोठडीत न घालता मी माझ्यासमोर बाकावर बसवले. दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात हजर करायचे होते.

"चावी कुठे आहे?"

तो दारातून अंगणातल्या नळाकडे पाहू लागला.

"कोणाच्या सांगण्यावरून नेलीस?"

"साहेब, पाळी नसताना पाणी चालू व्हतं. दुपारचं. दोन दिस."

"तू पाहिलंस?"

"न्हाई. ऐकलं."

हवालदार हसला. "पाणी तुह्याशी बोलतं व्हय रं? मग आमच्या गल्लीत कवा येतंय, तेबी इचार की."

"तुमच्या गल्लीचा पाइप फुटलाय. तिथं बोलत न्हाई, रडतंय."

मी हात उगारला. उगारला, मारला नाही. पहिल्या वक्त्याने याची नोंद घ्यावी.

दुपारपर्यंत मी गोंधळून गेलो होतो. चोर चोरी नाकारतो किंवा कबूल करतो. हा पोरगा दोन्ही करीत नव्हता. चार वाजता फिर्यादी, म्हणजे व्हॉल्व्हमन, स्वतः दारात उभा राहिला. हातात एक सळई.

"साहेब, चारला याची शिकवणी ऱ्हाती. आज हितंच घेऊ का?"

"मामा, फिर्याद तुम्हीच दिलीत ना?"

"हाव."

"आणि आरोपीला शिकवणार?"

"फिर्याद चावीची हाय, साहेब. शिकवणीचा तिच्याशी काय संबंध?"

तीस वर्षांच्या नोकरीत असा युक्तिवाद मी एखाद्या वकिलाकडूनही ऐकला नाही. मी परवानगी दिली. शिकवणी म्हणजे पाइपातले पाणी ऐकणे: अंगणातल्या नळाच्या पाइपावर सळईचे एक टोक टेकवून दुसरे पोराने कानाला लावले. पालिकेच्या भंडारातून दुसरी चावी आणून तीन मोहल्ल्यांना तेव्हा उशिरा पाणी सोडले होते. पोरगा म्हणाला, "मामा, पुढं कुठंतरी डावीकडं वढलं जातंय." म्हाताऱ्याने फक्त विचारले, "किती लांब?" नीतीचा एक शब्दही त्याने उच्चारला नाही. दुसऱ्या वक्त्याने याचीही नोंद घ्यावी.

माझा विश्वास बसला नाही. मी हवालदाराला मागच्या बाजूचा नळ गुपचूप उघडायला पाठवले. पोराने कान न हलवता सांगितले, "मागं कुणीतरी नळ सोडला. आता बंद केला." मग मी टोपी घातली.

मुख्य पाइपाच्या कडेने आम्ही चौघे निघालो. पोरगा तीनदा थांबला. तिसऱ्यांदा तो जिथे थांबला, ते आमच्याच नव्या पोलीस वसाहतीचे बांधकाम होते. कुंपणाआड, गोणपाटाखाली चोरजोडणी निघाली. वर ताज्या स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवले होते आणि त्यात चिमण्या अंघोळ करीत होत्या. कंत्राटदाराच्या मुकादमाने अर्ध्या तासात कबूल केले: दुपारी फरशीखालची चावी काढून तोच झडप उघडत असे. पोराने ते ऐकले होते आणि चावीच पळवून बाभळीखाली पुरली होती. चोरी थांबली, पण तीन मोहल्ल्यांचे पाणीही थांबले, हे त्याच्या ध्यानात आले नाही. सकाळी घागरी पाहून तो घाबरला. आमची वसाहत म्हणून मी प्रकरण दडपले, असे काही सहकारी म्हणत. त्या स्लॅबचा पंचनामा माझ्या हस्ताक्षरात आहे.

तरी चावी नेली होतीच. कायद्याने काय करायचे, या विचारात मी असताना म्हातारा म्हणाला, "साहेब, ध्यानात आलं. चावी मीच दिलती त्याच्यापाशी. इसरलो."

शहरातल्या सगळ्या झडपांच्या पाळ्या वहीविना तोंडपाठ असलेला हा माणूस!

"मामा, खोटी फिर्याद ठरेल. नोकरीवर येईल."

"लिव्हा साहेब."

मी पोराकडे पाहिले. चेहरे वाचणे हा माझा धंदा होता. तो म्हाताऱ्याकडे टक लावून पाहत होता. खोटे ऐकून चकित झाला होता, की खरे उघड झाले म्हणून, हे मला वाचता आले नाही. मी जबाब लिहिला. पोरगा सुटला. म्हाताऱ्याची वेतनवाढ रोखली गेली. मी रडलो नाही.

शोकसभेनंतर पायरीवर मी त्या पोराला गाठले. आता तो नांदेडच्या पाणीपुरवठ्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, केस पिकले आहेत.

"आता तरी सांग. चावी मामांनी दिली होती?"

तो हसला. "साहेब, जबाब तुमच्याच अक्षरात हाय. म्हंजे दिलीच असंल."

लोक विचारतात, अशी पोरे सुधारतात कशाने? धाकाने, उपदेशाने, की विद्येने? मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि जे खात्रीने सांगतात ते त्या दिवशी तिथे नव्हते. त्या दिवसाची स्टेशन डायरी मी बारकाईने लिहिली होती. तिच्यात एक नोंद मात्र राहून गेली. ती आज करतो: दुपारी ठीक चार वाजता फिर्यादी ठाण्यात हजर झाला. आरोपीची शिकवणी त्याने चुकवली नाही.